उपहासात बोलतो कोण?

प्रश्न असा आला आहे: विनोद, उपरोध, विडंबन, उपहास हे शब्द आपण सरमिसळ करून वापरतो, तर त्यांत फरक कुठे आहे? हा लेखनप्रकार मराठीत इंग्रजी शिक्षणाबरोबर आला की आधीपासून होता? आणि आज कुणाला लिहायचे असेल तर सुरुवात कुठून करावी? मी बरीच वर्षे दिवाळी अंकांना आणि सदरांना असले लेखन पुरवत आलो आहे, शिकवलेही आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

व्याख्या आधी उरकून घेतो. बोलायचे एक आणि सुचवायचे उलटे, हा उपरोध. तो एका वाक्यातही मावतो. एखाद्या कवितेची किंवा लेखकाची चाल उचलून तिच्यात भलताच ऐवज भरला की विडंबन होते. उपहास या दोघांनाही हाताशी धरतो, पण त्याला नेम धरायला काहीतरी लागते: एखादे ढोंग, एखादा अन्याय, एखादी मिरवणारी मूर्खता. साध्या विनोदाला असा नेम लागत नाही. केळ्याच्या सालीवरून घसरणाऱ्याला पाहून हसू येते, त्यात कुणाचा हिशेब चुकता होत नाही. याहून खोलात जायचे तर न. चिं. केळकरांचे 'हास्यविनोदमीमांसा' (1937) आहे, गो. मा. पवारांचे 'विनोद : तत्त्व आणि स्वरूप' आहे. दोन्ही वाचावीत. पण लिहायला बसलेल्या माणसाला व्याख्या फारशा उपयोगी पडत नाहीत. त्याने स्वतःला एकच विचारावे: या मजकुरात बोलतो कोण? लेखक स्वतः, की त्याने उभे केलेले कुणी सोंग? उपहासाचे बरेचसे प्रकार आणि त्याचा बराचसा इतिहास या प्रश्नातून उलगडत जातो.

आयरिश लेखक जोनाथन स्विफ्टचे उदाहरण घेतो, कारण सोंगाची इतकी नेमकी कारागिरी दुसरीकडे क्वचितच सापडते. 1729 मध्ये डब्लिनमध्ये त्याने 'अ मॉडेस्ट प्रपोजल' नावाचे निनावी पत्रक छापले. आयर्लंडमधल्या गरिबांची पोरे देशाला ओझे होऊ नयेत म्हणून मांडलेली ही योजना. हिशेब चोख आहे: गरिबाघरी वर्षाला 1,20,000 मुले जन्मतात, त्यांतली 20,000 वंशवृद्धीसाठी राखावीत, उरलेली 1,00,000 वर्षाची झाली की खात्यापित्या घरांच्या पानात वाढावीत. मित्रमंडळी जेवायला असतील तर एका पोरात दोन पदार्थ होतात. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, पण मजकुरात राग कुठेच नाही. बोलणारा गृहस्थ सज्जन आहे, हिशेबी आहे, लोककल्याणाची त्याला कळकळ आहे. शेवटी तो ग्वाहीही देतो की यात आपला काडीचा स्वार्थ नाही, कारण धाकटे मूल नऊ वर्षांचे झाले आणि बायकोचे मूल होण्याचे वय उलटले. मध्येच एका वाक्यात पडदा किंचित हलतो: जमीनदारांनी आईबापांना आधीच गिळले आहे, तेव्हा लेकरांवर पहिला हक्क त्यांचाच. आणि जे खरे उपाय आहेत, म्हणजे देशी माल वापरणे, जमीनदारांनी कुळांवर थोडी दया करणे, ते तो 'असल्या गोष्टी मला कुणी सांगू नयेत' म्हणून झटकून टाकतो. स्विफ्टला जे सांगायचे ते सगळे कागदावर आले, पण झिडकारलेल्या यादीत.

सोंग फारच हुबेहूब वठले तर अंगाशीही येते. स्विफ्टच्या आधी, 1702 मध्ये, डॅनियल डीफोने इंग्लंडच्या अधिकृत चर्चपासून फुटून निघालेल्या पंथीयांचा काटा कसा काढावा यावर एक पत्रक लिहिले. तो स्वतः त्या पंथीयांतलाच. आवाज मात्र कडव्या चर्चवाल्याचा घेतलेला. ते वाचून काही कडव्यांनी माना डोलावल्या. लेखक कोण हे फुटल्यावर दोन्ही बाजू खवळल्या, आणि 1703 मध्ये डीफोला तुरुंगवास झाला. शिवाय तीन दिवस चव्हाट्यावर, लाकडी खोड्यात मान अडकवून उभे राहावे लागले. निनावी उपहास व्हॉट्सअॅपवरून फिरतो आणि कुणीतरी तो खरा आदेश समजून पुढे ढकलतो, त्याची ही तीनशे वर्षांपूर्वीची आवृत्ती.

रोमन उपहासकवींबद्दल थोडक्यात. होरेस हसत हसत कान धरतो, ज्युवेनल दात ओठ खाऊन बोलतो, आणि तिथून पुढे युरोपात मवाळ आणि जहाल अशा दोन वाटा सांगितल्या जातात. मला ज्युवेनलची एक क्लृप्ती जास्त मोलाची वाटते. पहिल्याच उपहासकाव्याच्या शेवटी तो म्हणतो की आपण फक्त मेलेल्यांवर लिहिणार, ज्यांची राख रोमच्या हमरस्त्यांलगत पुरली आहे. जिवंतांना टोचायचे तर मढ्याचे कपडे चढवायचे. ही युक्ती पुढे मराठी रंगभूमीवर भेटेल.

आता आपल्याकडे. इंग्रजी यायच्या हजार-बाराशे वर्षे आधी संस्कृतात प्रहसन आणि भाण (एकपात्री नाट्य) हे नाट्यप्रकार रुळलेले होते. सातव्या शतकात कांचीचा पल्लव राजा पहिला महेंद्रवर्मन याने 'मत्तविलास' लिहिले. दारू ढोसलेल्या कापालिकाची, म्हणजे कवटीत भिक्षा मागणाऱ्या शैव साधूची, कवटी हरवते, तो बौद्ध भिक्षूवर आळ घेतो, भांडण मिटवायला पाशुपत या दुसऱ्या शैव पंथाचा साधू मध्ये पडतो, आणि कवटी तर कुत्र्याने पळवलेली असते. यातल्या भिक्षूला पडलेला प्रश्न मला फार आवडतो. बुद्धाने मठात एवढ्या सुखसोयी दिल्या, मग स्त्री आणि मद्य यांचीच परवानगी कशी नाही? मूळ ग्रंथात ती असणारच, खत्रुड म्हाताऱ्यांनी मागाहून काढून टाकली असणार, तेव्हा मूळ पोथी शोधली पाहिजे! सोयीचा अर्थ निघेपर्यंत पोथ्या उकरत बसणारे विद्वान आजही आहेत.

अकराव्या शतकातला काश्मिरी क्षेमेंद्र याहून तिखट. त्याची 'नर्ममाला' लाचखाऊ अंमलदारांवर आहे. (तिथला 'कायस्थ' म्हणजे दरबारी कारकून, आजच्या कुठल्या जातीशी गल्लत करू नये.) काव्याच्या आरंभी देवाला वंदन करायचे ही रीत. क्षेमेंद्र वंदन करतो ते कायस्थालाच, साक्षात परमेश्वर म्हणून, कारण सारे जग त्याच्याच मायेने मोहित आहे. मंगलाचरणाचा साचा जसाच्या तसा ठेवायचा आणि आतली मूर्ती बदलायची, एवढेच त्याने केले. पण त्या एका बदलाने कचेरीतली सगळी व्यवस्था उघडी पडते.

हीच जात एकनाथांच्या भारुडाची. नाथ (1533–1599) भारुडांत स्वतःच्या आवाजात क्वचित बोलतात. जोशी, वासुदेव, गोंधळी, पोतराज अशी नाना सोंगे घेतात, कधी हिंदू आणि तुर्क यांचा वाद लावून देतात. सर्वांत गाजलेले सोंग सासुरवाशिणीचे:

सत्वर पाव गे मला । भवानी आई रोडगा वाहीन तुला ॥
सासरा माझा गावी गेला । तिकडेच खपवी त्याला ॥

मग सासू, जाऊ, नणंदेचे किरकिरे पोर, दादला, एकेकाचा निकाल लावत बाई शेवटी एकटी राहायला मागते. परमार्थाच्या अंगाने अर्थ लावणारे सासरच्या मंडळींना विकार मानतात, आणि तो अर्थ नाथांच्या मनात असणारच. पण रात्रीच्या कीर्तनात समोर बसलेल्या बायका हसल्या असतील त्या विकारांना नव्हेत. इथे नवसाची रीत कुठेही मोडलेली नाही. 'देवी, तू हे कर, मी ते वाहीन', हा व्यवहार तोच. फक्त मागणी बदलली. अख्ख्या सासरच्या बदल्यात एक रोडगा, हा भाव कानावर पडला की नवसाचा सौदाही हास्यास्पद होतो आणि त्या बाईचा जाचही कळतो.

याच्या शेजारी तुकोबा ठेवून पाहा. नेम तोच, नवसावर:

नवसें कन्यापुत्र होती । तरि कां करणें लागे पती ॥

इथे सोंग नाही. तुकाराम समोर उभे राहून, डोळ्यांत पाहून विचारतात. 'ऐसे संत झाले कळी । तोंडी तमाखूची नळी' यातही तेच. असा थेट उपहास लिहिणे वरवर सोपे वाटते, पण त्याला लेखकाच्या नैतिक वजनाचे तारण लागते. तुकारामांकडे ते होते. आपल्यापैकी बहुतेकांकडे नसते, म्हणून नवख्या लेखकाला मी नाथांच्या वाटेने जा असे सांगतो. रामदासांनी 'टवाळां आवडे विनोद' म्हटले खरे, पण दासबोधातली मूर्खलक्षणे वाचताना हसू आवरत नाही. त्यांनी यादी हा प्रकार हाताळला. वाचक शेजाऱ्याचे लक्षण शोधत पुढे जातो आणि चारपाच ओव्यांनी स्वतःवरच अडखळतो. आणि साध्या मूर्खाचे भागल्यावर पढतमूर्खाची यादी वेगळी येते, तिथे शिकलेल्यांची सुटका नाही.

एकोणिसाव्या शतकात मराठीत नवे काय आले? माझ्या मते, नवी कागदपत्रे. कचेरी आली, कोर्ट आले, नोटीस, अर्ज, जाहीरनामा आला, आणि उपहासाला नवे अंगरखे मिळाले. त्यांचा सर्वांत धारदार वापर जोतीराव फुल्यांनी केला. 'गुलामगिरी'त (1873) त्यांनी चिरंजीव परशुरामाला नोटीसवजा पत्र काढले आहे. परशुराम चिरंजीव, म्हणजे अजून जिवंत असलाच पाहिजे. तर त्याने सहा महिन्यांच्या आत हजर व्हावे! कुठेही शिवीगाळ नाही. पुराणाचाच दावा खरा धरून चालायचे आणि तो कारकुनी भाषेत नेऊन ठेवायचा, एवढ्यावर काम भागते. खंडन करणाऱ्या दहा पानांनी जे झाले नसते ते या पत्राने होते, कारण त्याला उत्तर देणाऱ्यानेच हास्यास्पद व्हावे अशी ती मांडणी आहे. त्याआधी 1855 मध्ये त्यांनी 'तृतीय रत्न' नाटक लिहिले. गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी, आणि बाजूला उभा राहून टोकणारा विदूषक. संस्कृत नाटकातला राजाचा खुशमस्कऱ्या इथे शेतकऱ्याच्या बाजूने बोलू लागला. शाळा-कॉलेजात मराठी विनोदाचा इतिहास कोल्हटकरांपासून सुरू करण्याची पद्धत आहे, तिच्यात फुले आणि 1882 ची ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुषतुलना' बाहेरच राहतात. ताराबाई सोंग घेत नाहीत. बायकांवर ठेवले जाणारे आरोप उचलून त्याच तागडीत पुरुषांना बसवतात. मला ही परंपरेची मोठीच गळती वाटते.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे श्रेय मात्र कमी होत नाही. 1902 पासून त्यांनी सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या हे त्रिकूट चालवले, तेच 'सुदाम्याचे पोहे'. सुदामा हा निवेदक आणि तोच रूढीचा भाबडा भक्त. श्रावणी, शिमगा, गणेशचतुर्थी यांचे तो इतक्या निष्ठेने समर्थन करतो की रूढीच उताणी पडते. सुधारकाने स्वतःच्या तोंडाने हेच सांगितले असते तर व्याख्यान झाले असते.

त्यांचे शिष्य गडकरी 'बाळकराम' नावाने लिहू लागले. 'कवींचा कारखाना'मध्ये काव्य म्हणजे ठरावीक कच्च्या मालापासून तयार होणारा जिन्नस. ते आजही ताजे वाटते. 'ठकीच्या लग्नाची मोहीम'बद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. लग्नाच्या बाजारावर नेम धरला आहे हे खरे, भाषेची आतषबाजी थक्क करणारी आहे हेही खरे. पण हशाचा मोठा वाटा ठकीच्या रूपावर वसूल केलेला आहे. बाजार मांडणारे हसून मोकळे होतात आणि बाजारात बसवलेली पोर मार खाते. उपहासाचा नेम चुकतो तो असा. लिहून झाले की पाहावे, वाचणारा नक्की कुणाला हसतो आहे. कोपऱ्यात आधीच दबून बसलेल्याला हसत असेल तर विनोद कितीही चढला तरी उपहास पडला.

विडंबनाचा मानदंड म्हणजे अत्र्यांची 'झेंडूची फुले' (1925), केशवकुमार या नावाने. विडंबनाची अडचण अशी की मूळ रचना वाचणाऱ्याच्या तोंडी असावी लागते. केशवसुतांची 'आम्ही कोण?' पाठ असलेल्या पिढीला अत्र्यांची 'आम्ही कोण?' वाचताना जो झटका बसला तो आज बसत नाही. आज विडंबन ठाऊक आणि मूळ कविता ठाऊक नाही, असेही वाचक भेटतात. रविकिरण मंडळ या त्या काळच्या कविगटाच्या लकबी कोणत्या होत्या हे समजावून सांगावे लागले की हसू अर्धे संपते. तरीही हा संग्रह टिकला, कारण अत्र्यांना छंद आणि नाद पक्के येत होते. ज्याला मूळ कवीइतके वृत्त सांभाळता येत नाही त्याने विडंबनाच्या वाटेला जाऊ नये. मात्रा सांडलेल्या विडंबनात हसू कवीचे होत नाही, विडंबनकाराचेच होते.

चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ मी उपहासात मोजत नाही, किंवा काठावर मोजतो. तिथे मध्यमवर्गावर माया जास्त आहे. वाद घालणारे घालतील.

कागदावर सोंग घ्यावे लागते, तमाशात ते सोंगाड्याच्या रूपाने उभेच असते. गण संपून गौळण लागली की मावशी कृष्णाशी घासाघीस करते आणि देवाचीही भीड राहत नाही. पुढे वगात, म्हणजे तमाशातल्या कथानाट्यात, राजा, प्रधान, कोतवाल ही पात्रे जुनीच, पण सोंगाड्याच्या तोंडी आजचा भाव, आजचा पुढारी, आजच्या गावची भानगड. 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. अण्णाभाऊंनी गणातल्या गणपतीच्या जागी मायभूमीला आणि शिवबाला वंदन केले: 'प्रथम मायभूच्या चरणा'. क्षेमेंद्राने मंगलाचरणात थट्टा घुसवली होती, अण्णाभाऊंनी त्याच जागेतून गांभीर्याने आपली बाजू जाहीर केली. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये (1965) दादा कोंडक्यांनी सोंगाड्याची ही मोकळीक शहरी नाट्यगृहात आणली. त्या प्रयोगांची संहिता वाचून फारसे हाती लागत नाही, कारण बरेचसे टोले त्या रात्रीचे, त्या रात्रीपुरते असत.

'घाशीराम कोतवाल' (पहिला प्रयोग 16 डिसेंबर 1972) ही ज्युवेनलची मढ्याची युक्ती. घाशीराम 1791 मध्ये मारला गेला, नाना फडणवीसांचे पुणे कधीच संपले, आणि तेंडुलकरांनी त्याच कपड्यांत सत्ता आपले हस्तक कसे घडवते आणि काम झाल्यावर कसे फेकते ते दाखवले. भजन, कीर्तन, लावणी यांच्या चालीवर अत्याचार घडत राहतो. विरोध करणाऱ्यांनी ते इतिहास म्हणून तपासले आणि नानांची बदनामी झाली म्हणून गदारोळ केला. सुरुवातीच्या प्रयोगांनंतर ते बंदही पडले, पुढे थिएटर अॅकॅडमीने उभे केले. सोंग खरे मानले जाण्याचा डीफोचा अनुभव इथे उलट्या बाजूने आला.

साच्यांचा प्रवासही मजेदार असतो. जॉन गेने 1728 मध्ये लंडनच्या चोर-भिकाऱ्यांना ऑपेराचा थाट देऊन 'द बेगर्स ऑपेरा' केला, जर्मन नाटककार ब्रेख्तने 1928 मध्ये बर्लिनमध्ये त्यावरून 'थ्रीपेनी ऑपेरा' केला, आणि 1978 मध्ये पु. ल. देशपांड्यांनी त्याचा 'तीन पैशाचा तमाशा' केला. तिन्हीकडे चोर आणि प्रतिष्ठित यांची अदलाबदल तीच, पण थट्टेला घेतलेला संगीताचा थाट त्या त्या गावचा. त्याच वर्षी पाडगावकरांचा 'सलाम' आला. त्यातल्या शीर्षककवितेचा निवेदक भित्रा आहे, दिसेल त्याला सलाम ठोकत सुटतो. कवी लोकांना भेकड म्हणत नाही, स्वतः भेकडाच्या तोंडून बोलतो, म्हणून ऐकणाऱ्याला पळवाट मिळत नाही.

आता लिहिण्याविषयी. विषय सुचला की आधी कागद शोधा: सोसायटीची नोटीस, शोकसभेचा ठराव, विवाह मंडळाचा फॉर्म, कुलगुरूंचे परिपत्रक, आभारप्रदर्शन. त्या कागदाचे दोन-चार खरे नमुने समोर ठेवून त्याची वाक्ये कशी चालतात ते पाहा. 'विषयांकित प्रकरणी', 'सबब', 'योग्य ती कार्यवाही' हे शब्द जागच्या जागी पडले की निम्मे काम होते. मग एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या की साचा मोडतो आणि वाचणाऱ्याला हसण्याआधी कोडे सोडवावे लागते. बोलणाऱ्याला आपण विनोदी आहोत याचा पत्ता नसावा. उद्गारचिन्हे जवळजवळ सगळी काढा. आकडे द्या, आणि ते विश्वास बसतील इतके क्षुल्लक ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात लेखांत मी शेवटचा परिच्छेद उडवतो, कारण तिथे लेखक सोंग उतरवून 'आपण सर्वांनी विचार करायला हवा' असे म्हणू लागतो. आणि लेखाखाली स्वतःचे नाव घाला, डीफोच्या वाटेने जायचे नसेल तर.

वाचायचा क्रम विचाराल तर भारुडे छापील वाचू नका, चांगल्या भारूडकाराकडून ऐका. मग 'गुलामगिरी'तले परशुरामाला पत्र, मग स्विफ्टचे पत्रक, आणि लगेच सुदाम्याचे एक-दोन लेख. 'झेंडूची फुले' हाती घेण्याआधी केशवसुत आणि रविकिरण मंडळातले माधव जूलियन थोडे चाळा. जयवंत दळवींचे 'ठणठणपाळ' शेवटी ठेवा. 'ललित' मासिकातले ते सदर साहित्यिकांवर होते, त्यामुळे निम्मे टोले कुणाला बसले हे आता शोधावे लागते. वसंत सरवट्यांनी काढलेला हातोडेवाला ठणठणपाळ मात्र कुणाला समजावून द्यावा लागत नाही.